घरपट्टी जास्त भरली गेली, तर पैसे परत कसे मिळतील?

सेल्स टॅक्सचा रिफंड अडकला की आपण व्यापारी लोक वकील गाठत होतो. आता जी.एस.टी.चा अडकला की सी.ए.च्या ऑफिसात चकरा मारतो. घरपट्टीचे बिल मात्र दुकानातला पोऱ्या गल्ल्यातून पैसे घेऊन जातो आणि भरून येतो. बिलावर काय छापले आहे ते कोणी वाचत नाही. मीही वाचत नव्हतो.

माझ्या कापडाच्या गोदामात लाकडी माळा होता. खालची जागा 600 चौरस फूट आणि माळा 300. वाळवी लागली म्हणून 2014 साली माळा काढून टाकला. महापालिकेच्या वहीत मात्र 900 फूट तसेच राहिले. वर्षाला 18,360 रुपयांचे बिल येत राहिले, हिशेबाने 12,240 यायला हवे होते. 2017 साली शेजारच्या दुकानदाराने सहज बिल पाहिले आणि एवढे कसे म्हणून विचारले, तेव्हा माझे डोळे उघडले. अर्ज केला, मोजणी झाली आणि त्या वर्षाचे 6,120 रुपये पुढच्या बिलात वळते झाले. आधीच्या तीन वर्षांचे 18,360 रुपये मिळाले नाहीत. साहेबांनी दोनच प्रश्न विचारले. माळा काढल्याचे लेखी कळवले होते का? बिलावर हरकत घेतली होती का? माझ्याकडे दोन्हींची पोच नव्हती. एका वर्षाचे अख्खे बिल माझ्या आळसापायी गेले.

बिलातले शब्द अवघड आहेत हे खरे. माझ्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्याला 'करयोग्य मूल्य' वाचूनच घाम फुटायचा. अर्थ सोपा आहे. जागा भाड्याने दिली तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल ते धरतात, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करतात. उरले ते करयोग्य मूल्य, आणि त्याच्यावर कराचे टक्के. मुंबईत 2010 पासून भाड्याऐवजी जागेच्या भांडवली मूल्यावर आकारणी आहे. टक्क्यांवर भांडून उपयोग नाही. चूक होते ती क्षेत्रफळात, जागेच्या वापरात आणि कब्जा मालकाचा की भाडेकरूचा या नोंदीत.

कारागीर बांधवांचे नुकसान बहुधा वापराच्या रकान्यात होते. घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन किंवा जरीची चौकट असते, मागे बालबच्चे राहतात, आणि वहीत सगळे घर बिगरनिवासी लागलेले असते. बिगरनिवासीचा आकार जास्त. अशा वेळी किती फूट कामाचे आणि किती राहण्याचे याची वेगवेगळी मोजणी करून मागावी. त्यासाठी आधी आकारणी रजिस्टरचा उतारा काढावा. द्यायला टाळाटाळ झाली तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली 10 रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पावर अर्ज करता येतो, उत्तराची मुदत 30 दिवस आहे.

जास्त भरल्याचा सर्वात सोपा प्रकार दुबार भरण्याचा. मुलगा मोबाइलवरून भरतो आणि मुनीम त्याच बिलाचा चेक देऊन येतो. किंवा मालमत्ता क्रमांकाचा एक आकडा चुकतो आणि आपले पैसे दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात. इथे वाद नसतो. दोन्ही पावत्या, बँकेचा उतारा आणि साधा अर्ज पुरतो. रोख परत मागितली तर फाइल अनेक टेबलांवर फिरते, पुढच्या बिलात वळती करून घेतली तर काम लवकर होते. मी तरी वळतीच मागतो.

आकारणीच चुकली असेल तेव्हा काम जड. कर वाढवला की विशेष नोटीस येते आणि हरकतीची मुदत तिच्यावरच छापलेली असते. त्या मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. सुनावणीचा निकाल पटला नाही तर कोर्टात अपील आहे. त्याची मुदत फक्त 15 दिवस, शिवाय आधी हरकत घेतलेली असावी लागते आणि वादातली रक्कम भरलेली असावी लागते. म्हणून वाद आहे म्हणून घरपट्टी थकवू नये. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती चढते. बिल भरावे, आणि सोबत 'हरकत राखून भरणा करीत आहे' असे पत्र देऊन त्याची पोच ठेवावी.

वर्षानुवर्षे जास्त घेतले, आता दावाच लावतो, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. मुंबईबाहेरच्या महापालिकांना लागू असलेल्या 1949 च्या अधिनियमात कलम 487 आहे. दाव्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. मुळातच बेकायदा असलेल्या वसुलीची गोष्ट वेगळी. अमरावती जिल्ह्यातल्या धामणगावच्या नगरपालिकेने कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगवर कर बसवला होता. धंद्यावरच्या अशा कराला राज्यघटनेत तेव्हा वर्षाला 250 रुपयांची मर्यादा होती. भारत कला भांडार या कंपनीने वरची रक्कम परत मागितली आणि 1965 साली सुप्रीम कोर्टाने ती मान्य केली. पण अशी लढाई कंपनी लढते, चार मागांचा मालक कुठून लढणार?

मुंबईत भांडवली मूल्य ठरवण्याच्या नियमांपैकी काही नियम हायकोर्टाने 2019 मध्ये रद्द केले आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला. 1 जानेवारी 2022 पासून तिथे 500 चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घराला मालमत्ता कर माफ आहे. दुकानाला नाही, हे ध्यानात ठेवावे.

पुण्याचे उदाहरण मला फार बोलके वाटते. मालक स्वतः राहत असलेल्या घराला तिथे 1970 पासून 40 टक्के सवलत होती. मधल्या काळात ती काढून घेतली गेली. 2023 साली सरकारने ती 1 एप्रिल 2019 पासून परत लागू केली. मधल्या वर्षांत ज्यांनी पूर्ण कर भरला त्यांचा फरक पुढच्या चार वर्षांच्या बिलांत वळता करायचा ठरला. पण आपोआप नव्हे. त्यासाठी पीटी-3 नावाचा अर्ज, 25 रुपये फी आणि आपण तिथेच राहतो याचा पुरावा, म्हणजे मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, गॅसकार्ड यांसारखे काही. हक्क सरकारने मान्य केलेला, तरी कागद आपणच नेऊन द्यायचा.

माग बंद पडून शेड रिकामी असेल तरीही कराचा काही भाग परत मिळण्याची तरतूद आहे. मात्र रिकामी झाल्याची लेखी सूचना द्यावी लागते, आणि सूचनेच्या आधीचे दिवस मोजत नाहीत. भाडे चालू असलेली किंवा मालकाने स्वतःसाठी राखलेली जागा कायद्याने रिकामी ठरत नाही, कुलूप लावलेले असले तरी.

परतावा त्यालाच मिळतो ज्याचे नाव वहीत आहे. आपल्याकडे कितीतरी दुकाने मरहूम वालिदांच्या नावावर तशीच चालू आहेत. आधी वारसनोंद करावी लागेल आणि बहिणींसह सर्व वारसांची संमती लागेल. दुकान मशिदीच्या किंवा वक्फच्या जागेत असेल तर बिल ट्रस्टच्या नावावर असते. तेव्हा आपण भरलेल्या पैशांची पावती ट्रस्टकडून घ्यावी आणि वळतीचा फायदा भाड्यात धरण्याचे मुतवल्लींकडून आधीच लिहून घ्यावे. घरपट्टी धंद्याच्या खर्चात टाकली असेल, तर परत आलेली रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नात दाखवावी लागते, हे मुनीमजींना सांगून ठेवा.

कराचे हप्ते 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला देय होतात. पुढचे बिल हातात आले की पैसे पाठवण्याआधी टेप घेऊन दुकान मोजा.