एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिनक्समध्ये संपूर्ण संगणकाच्या व्हेरिएबलची एखादी सामायिक वही असते, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. 1979 च्या युनिक्स सातव्या आवृत्तीपासून व्यवस्था वेगळी आहे: प्रत्येक प्रोसेसकडे स्वतःची यादी असते आणि नवी प्रोसेस जन्मताना तिला पालक प्रोसेसच्या यादीची प्रत मिळते. वारसा फक्त खालच्या दिशेने जातो. म्हणूनच टर्मिनलवर 'एक्सपोर्ट' केलेले मूल्य शेजारच्या टर्मिनलला कळत नाही.

समजा, भोसरी एमआयडीसीतील एखाद्या टूलरूममध्ये डिझाइन सॉफ्टवेअरला लायसन्स सर्व्हरचा पत्ता सर्वांसाठी द्यायचा आहे. तो 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'एन्व्हायर्नमेंट' फाइलीत लिहिता येतो. पण ही फाइल शेल स्क्रिप्ट नव्हे. लॉगिनच्या वेळी 'पॅम' ही ओळख तपासणारी यंत्रणा तिच्यातल्या नाव-मूल्याच्या जोड्या जशाच्या तशा उचलते. 'पाथ'मध्ये भर घालण्यासाठी तिथे डॉलर चिन्ह लावून जुना 'पाथ' लिहिला, तर त्याचा विस्तार होत नाही. ती अक्षरेच नवा 'पाथ' बनतात आणि पुढच्या लॉगिननंतर 'एलएस'सारखी साधी आज्ञाही सापडेनाशी होऊ शकते. हा घोटाळा नेहमी होतो, म्हणून सावध राहावे. विस्तार हवा असेल तर 'प्रोफाइल डॉट डी' फोल्डरमध्ये 'डॉट एसएच' फाइल ठेवावी. मात्र ती सहसा लॉगिन शेलच वाचतो.

'प्रोफाइलमध्ये लिहिले, आता सर्व्हिसलाही मिळेल' ही समजूतही चुकीची. सिस्टमडीने सुरू केलेली सर्व्हिस लॉगिनच्या वाटेने येतच नाही. तिच्यासाठी युनिट फाइलीत 'एन्व्हायर्नमेंट' किंवा 'एन्व्हायर्नमेंट-फाइल' ही ओळ द्यावी, 'डीमन-रिलोड' करावे आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करावी. ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणारा क्रॉनसुद्धा 'प्रोफाइल' वाचत नाही. त्याचा 'पाथ' बहुधा अगदी तोकडा असतो, त्यामुळे हाताने चालवल्यावर नीट चालणारी स्क्रिप्ट रात्रपाळीला अपयशी ठरू शकते. क्रॉनटॅबमध्ये आज्ञेचा पूर्ण मार्ग लिहिणे अधिक सुरक्षित.

'सुडो'च्या बाबतीत फसगत वेगळी: वापरकर्त्याची बहुतेक व्हेरिएबल तो सुरक्षेसाठी काढून टाकतो. हवी ती राखायची असतील तर 'व्हिसुडो'ने 'एन्व्ह-कीप'मध्ये नोंदवावी लागतात.

मराठी लोकॅलसाठी 'लँग'चे मूल्य 'एमआर अंडरस्कोर आयएन डॉट यूटीएफ-8' असे असते. ते बदलताच उघडे प्रोग्रॅम मराठीत दिसू लागत नाहीत, कारण चालू प्रोसेसची यादी बाहेरून बदलता येत नाही. पुन्हा लॉगिन करावे लागते. शिवाय ते लोकॅल आधी यंत्रावर तयार केलेले असावे. कोणत्या प्रोसेसला सुरू होताना काय मिळाले, ते 'प्रॉक' फोल्डरमध्ये तिच्या क्रमांकाखालच्या 'एन्व्हिरॉन' फाइलीत दिसते.