जंगल पाहून आल्यावर ताप आला तर

बारामती-इंदापूरकडे सुप्याच्या माळावरचे चिंकारा आणि भिगवणचे रोहित पक्षी आपल्या ओळखीचे. ओले, दाट जंगल पाहायचे तर सह्याद्रीतल्या चांदोली राष्ट्रीय उद्यानात जावे लागते. गवा, शेकरू पाहायला जरूर जा. पण अशा झाडोऱ्यात हिंडताना स्क्रब टायफस हा आजार लक्षात ठेवा.

झुडपांत, गवतात चिगर नावाचे अगदी बारीक किडे असतात. ते चावलेले कळतही नाही. साधारण ६ ते २१ दिवसांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. चावल्याजागी काळी खपली धरू शकते. काखेत, जांघेत, स्तनाखाली. आपल्या बाया लाजेने ती दाखवत नाहीत. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदूवर बेतते.

अंगभर कपडे घाला, पँट मोज्यांत खोचा, गवतात बसू नका. घरी येताच अंघोळ करा, कपडे धुवा. तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगा, की जंगलात गेलो होतो. खपली दाखवा. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेवर सुरू झाले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. बांधावर गवत कापणाऱ्या बाईनेही हेच करावे.