टेंपो परत गेल्यावर



कुठं पूर आला, भूकंप झाला, की गटाच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो, आपण काय पाठवायचं? साड्या निघतात, धान्य गोळा होतं, टेंपो भरतो. ते चांगलंच आहे. पण टेंपो परत गेल्यावर खरं काम सुरू होतं आणि ते आपल्यासारख्या बायका फार चांगलं करू शकतात. ते कसं, हे लातूरच्या बायकांनी दाखवलंय.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी भागात जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. भिंती फुटल्या आणि सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. हजारो माणसं गेली.

मदतीचा ओघ आला आणि ओसरला. मागे राहिली तडा गेलेली घरं. ती दुरुस्त करायला सरकारनं पैसे दिले, पण कागद कुठला, हप्ता कधी, बांधायचं कसं, हे घराघरात सांगणार कोण? मग हजाराहून जास्त गावांत महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं. त्या दारोदार गेल्या. भिंतीत आरपार दगड का घालायचा, खिडकी-दारांवरून घरभर सिमेंट-सळईचा पट्टा का फिरवायचा, हे आधी स्वतः शिकल्या आणि मग गवंड्यालाही विचारू लागल्या. पुढं 2001 मध्ये गुजरातला भूकंप झाला, तेव्हा लातूर भागातल्या बायका कच्छमध्ये गेल्या. सोबत नेला तो आपला अनुभव.

मग आपल्या गटानं काय करायचं?

पहिलं, विचारल्याशिवाय काही पाठवू नका. तिथल्या गटाला फोन करा. कपड्यांचा ढीग पडलेला असतो आणि पाळीचे पॅड, झाडू, बादल्या, चटया मिळत नसतात.

दुसरं, आगंतुक जाऊ नका. तहसील कार्यालयाला किंवा ग्रामपंचायतीला कळवून, चार-पाच जणींनी मिळून जा. आपलं जेवण, पाणी, अंथरूण आपणच न्या. पुराचा गाळ काढताना पायात गमबूट, हातात मोजे हवेतच. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टोची भीती असते.

तिसरं, यादी करा. एकटी म्हातारी, बाळंतीण, अपंग, भाड्यानं राहणारं कुटुंब, ऊसतोडीला गेलेलं घर. पंचनाम्यातून हीच नावं सुटतात. यादी तलाठी आणि ग्रामसेवकांना द्या, पोच घ्या. आधार, पासबुक वाहून गेलं असेल तिच्यासोबत कार्यालयात जा. एकटीला ‘उद्या या’ म्हणतात, चौघी गेल्या की खुर्ची मिळते.

चौथं, पुन्हा जा. महिन्यानं जा, सहा महिन्यांनी जा. हप्ता आला का, चूल पेटते का, मुलगी शाळेत जाते का, हे विचारा. जिचं माणूस गेलंय तिच्याजवळ नुसतं बसलात तरी चालेल. ‘रडू नको’ म्हणू नका, तिला बोलू द्या.

आणि हे सगळं संकट येण्याआधी आपल्याच गावात सुरू करा. येत्या बैठकीत वही उघडा आणि एवढंच लिहा : उद्या आपल्या गावात पाणी शिरलं, तर सगळ्यात आधी कुणाच्या दारात जायचं?

ते पहिलं नाव लिहिलंत, की काम सुरू झालं समजा.