मुका दगड, बोलका दगड

दोस्तांनो, परवा माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाने विक्रोळीच्या पार्कसाईटच्या टेकडीवरून एक काळा दगड आणला. टेबलावर ठेवून म्हणाला, "बाई, हा इथलाच ना?" मी म्हटलं, "सापडला इथे, पण जन्मला फार लांब!" सगळा वर्ग हसला. तुम्हालाही हसू आलं ना? मग ऐका.

हा बेसॉल्ट. आपला सह्याद्री याच दगडाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचले. मुंबईच्या टेकड्याही त्याच कुटुंबातल्या. या लाव्ह्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. दगड निवत निवत ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला, की पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा त्या कणांत उमटते आणि तशीच टिकून राहते.

पण दिशेवरून जागा कशी कळणार? चुंबकाची सुई मधोमध टांगली, तर विषुववृत्ताजवळ ती आडवी राहते. ध्रुवाकडे जावं तसतशी कलत जाते आणि चुंबकीय ध्रुवावर चक्क उभी! म्हणजे दगडातला कल मोजला की त्याच्या जन्माचा अक्षांश कळतो.

१९५०च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या क्लेग यांच्या गटाने आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या सहस्रबुद्धे, राधाकृष्णमूर्ती यांनी दख्खनचे दगड तपासले. निष्कर्ष काय? हे दगड निवले तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, जवळजवळ ३० अंशांवर होती! आज मुंबई उत्तरेला १९ अंशांवर आहे. म्हणजे पाच हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास, वर्षाला सरासरी ८ सेंटिमीटर. आपली नखं वाढतात त्याच्या साधारण दुप्पट वेगाने! वाटेत आशियाशी टक्कर झाली आणि हिमालय उभा राहिला. त्याआधी आपण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यांच्याशी जोडलेले होतो. त्या जुन्या महाखंडाचं नाव गोंडवन.

"मग बाई, माझा दगड मोजू या!" तो मुलगा उड्या मारू लागला. मला नाही म्हणावं लागलं. शास्त्रज्ञ दगड काढण्याआधी त्यावर उत्तर दिशा आणि आडवी पातळी यांची खूण करतात. खूण न करता उचललेला दगड मुका होतो.

"परत ठेवला तर बोलेल?" त्याने हळूच विचारलं.

नाही रे बाळा. कसा पडला होता, हे आता कोण सांगणार? दोस्तांनो, टेकडी फोडून खडी केली की तिची साक्षही अशीच जाते. म्हणून टेकडीवर गेलात, तर खडकावर हात जरूर ठेवा. पण त्याला जागेवरच राहू द्या.