थंड पाण्याच्या मागे धावणाऱ्या बोटी

पेरूच्या बोटी जाळं कुठं टाकणार, हे बरंचसं पाण्याचं तापमान ठरवतं. वारे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात, खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. त्यावर प्लवक वाढतं आणि प्लवकावर अँकोव्हेटा हा छोटा मासा. एल निनोत कोमट पाण्याचा जाड थर हा पुरवठा तोडतो. मासा मग खोल जातो, दक्षिणेकडे सरकतो किंवा किनाऱ्यालगतच्या थंड पट्टीत दाटी करतो.

बोटी कायद्यानं चालतात, समुद्रानं नव्हे, असं कोणी म्हणेल. ते अर्धंच खरं. किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांत औद्योगिक बोटींना मनाई आहे. पण मासाच त्या पट्टीत शिरला, तर रेषा न हलताही मोठ्या बोटींचं क्षेत्र आक्रसतं. १९७२च्या एल निनोवेळच्या अँकोव्हेटाच्या पडझडीत बेसुमार मासेमारीचा वाटा मोठा होता, हे मान्य. मात्र दाटीमुळं जाळी भरत राहिली आणि साठा भरपूर असल्याचा भास झाला. तो समुद्रानंच निर्माण केला होता. १९७०मध्ये १.२ कोटी टनांवर गेलेली पकड १९७३मध्ये २० लाख टनांच्याही खाली आली.