मुका चित्रपट, गिरणीचा संप

गिरणीमालक हुकूम काढतो : सर्वांच्या पगारात दहा टक्के कपात. कशासाठी? तर बहिणीच्या समाजसुधारणेच्या कामाला पैसा हवा म्हणून! गरिबाच्या खिशातून काढायचे आणि त्याच पैशाने गरिबाला सुधारायला निघायचे. मग संप, गोळीबार; एका तरुणाचा बाप मरतो.

ही कथा अमेरिकेची, चित्रपट १९१६ चा. नाव ‘इन्टॉलरन्स’, म्हणजे असहिष्णुता. दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ. आम्ही घरच्या मंडळींबरोबर बसून तो पाहिला. पाट्या इंग्रजीत, त्या आम्ही मराठीत मोठ्याने सांगत गेलो. गिरणीत हयात घालवलेले आमचे मामा मात्र म्हणाले, “सांगू नकोस, कळतंय.”

चार काळांच्या चार कथा एकमेकींत गुंफल्या आहेत. ख्रिस्तपूर्व ५३९ मधील बॅबिलोनचा पाडाव, येशूचा वधस्तंभ, १५७२ मधली पॅरिसची धर्माच्या नावाखालची कत्तल आणि ही गिरणीची कथा. बॅबिलोनचा भपका डोळे दिपवतो. पण घरच्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आले ते सुधारक बाया त्या गरीब आईचे लेकरू उचलून नेतात तेव्हा.

चित्रपट चालला नाही. पैसे वसूल करण्यासाठी १९१९ मध्ये ग्रिफिथने मूळ निगेटिव्हच कापून त्यातून दोन वेगळे चित्रपट काढले! पुढे जाणकारांनी ठिकठिकाणच्या प्रती जुळवून तो पुन्हा उभा केला. १९८९ मध्ये कार्ल डेव्हिस यांच्या नव्या संगीतासह तो दाखवला गेला, आणि २०१३ मध्ये दुरुस्त प्रत पुन्हा प्रदर्शित झाली.

आता आमच्या मनात सलणारी गोष्ट. याच ग्रिफिथने १९१५ मध्ये ‘द बर्थ ऑफ ए नेशन’ काढला. त्यात काळे लोक पशू आणि त्यांना ठार मारणारे कू क्लक्स क्लॅनचे बुरखेवाले वीर! काळ्यांच्या संघटनेने निदर्शने केली. त्या वर्षी तो न्यूयॉर्कमध्ये चालू होता, तेव्हा बाबासाहेब त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. आपल्यावरची टीका म्हणजेच असहिष्णुता, अशी ग्रिफिथची समजूत. म्हणून अडीच हजार वर्षांचा क्रूरपणा त्याने धुंडाळला. त्यात गुलामांच्या बाजाराला जागा नाही, झाडाला लटकावलेल्या काळ्या माणसालाही नाही.

हे आम्ही मामांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “गिरणीचं मात्र खरं दाखवलंय त्यानं.”