जुन्या जर्मन पिस्तुलांचा जीर्णोद्धार

जमिनीत सापडलेले तांब्याचे एखादे जुने नाणे घरात आले, की कोणी तरी ते चिंच लावून घासावयास घेतो. घटकाभरात नाणे लखलखू लागते आणि घरच्या मंडळींना आपण त्याचा उद्धारच केला असे वाटते. नाण्यांचा जाणकार मात्र ते पाहून हळहळतो. कारण धातूवर शतकानुशतके चढलेले हिरवट पूट आणि त्याबरोबर अक्षरांच्या बारीक कडा कायमच्या नाहीशा झालेल्या असतात. त्याच घरातील तांब्याच्या पातेल्याची गोष्ट अगदी उलट आहे. त्याला वेळच्या वेळी कल्हई केली नाही, तर त्यातील अन्न कळकते. दोन्ही वस्तू तांब्याच्या. परंतु एकीला झिलई मारक, तर दुसरीला तारक. जुन्या वस्तूचा जीर्णोद्धार करू इच्छिणाऱ्याने म्हणूनच आधी एवढे ठरवावे लागते, की हाती आले आहे ते नाणे आहे की पातेले.

जुन्या जर्मन पिस्तुलांच्या बाबतीत हा प्रश्न फार निकडीचा होऊन बसतो. अमेरिकेत आणि युरोपातील काही देशांत अशी पिस्तुले विकत घेऊन ती नीटनेटकी करणाऱ्या हौशी लोकांचा मोठा वर्ग आहे. यांतील काही पिस्तुले दोन महायुद्धांनंतर सैनिकांनी आठवण म्हणून घरी नेलेली असतात. काही जर्मन लष्कराने व पोलिसांनी सेवेतून काढून विक्रीस दिलेली असतात. वरवर पाहता सारीच जुनी, सारीच पोलादाची. पण त्यांची जात एक नव्हे. म्हणून खरेदीपूर्वी त्यांची थोडी वंशावळ जाणून घेणे आवश्यक ठरते.

ह्यूगो बोर्शार्ट याने १८९३ साली एक स्वयंभरण पिस्तूल सिद्ध केले. त्यातील यंत्रणा गुडघ्याप्रमाणे दुमडणाऱ्या सांध्यावर चाले. पिस्तूल बोजड होते. गेओर्ग लूगर याने तीच कल्पना घेऊन ते आटोपशीर आणि हाताला बसणारे केले. स्वित्झर्लंडने १९०० साली, जर्मन नौदलाने १९०४ साली आणि जर्मन भूसेनेने १९०८ साली त्याचा स्वीकार केला. भूसेनेतील त्याचे नाव ‘पी-०८’ असे पडले. लूगरचे भाग अतिशय काटेकोरपणे घडवावे लागत. त्यामुळे ते बनवावयास वेळ लागे आणि खर्चही बराच येई. म्हणून १९३८ साली वॉल्थर कंपनीचे ‘पी-३८’ हे पिस्तूल लष्कराने पसंत केले. युद्धोत्तर पश्चिम जर्मनीच्या नव्या लष्करासाठी १९५७ पासून हेच पिस्तूल हलक्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यासह पुन्हा बनू लागले आणि १९६३ पासून त्यास ‘पी-१’ म्हणू लागले. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात पश्चिम जर्मन पोलिसांसाठी तीन नवी पिस्तुले मान्य झाली : वॉल्थरचे ‘पी-५’, सिग-सॉअरचे ‘पी-६’ आणि हेक्लर व कोख यांचे ‘पी-७’.

या मालिकेत लूगर हे निःसंशय नाणे होय. त्याचे मोल त्याच्या नेमबाजीत उरलेले नसून त्याच्या अंगावर लिहिलेल्या मजकुरात आहे. कारखान्यात पिस्तूल जुळले, की त्याचा अनुक्रमांक मुख्य भागांवर आणि त्याचे शेवटचे दोन अंक लहानसहान भागांवर उमटवीत. लष्करी लूगरबरोबर दोन मॅगझिने दिली जात. त्यांवरही तोच क्रमांक असे आणि दुसरे मॅगझिन ओळखता यावे म्हणून त्यावर अधिकाचे चिन्ह मारीत. सर्व भागांवरील अंक जुळणे याचा अर्थ असा, की कारखान्यातून एकत्र बाहेर पडलेला हा परिवार इतक्या उलथापालथीनंतरही फुटलेला नाही. म्हणूनच एक किरकोळ भाग बदललेला असला तरी संग्राहकाच्या दृष्टीने पिस्तुलाचे मूल्य बरेच उतरते. आणि पूर्ण जुळणारे लूगर कोणी शहाणा मालक सहसा चालवीत नाही. एखादा क्रमांकित भाग तुटला, तर तशाच दुसऱ्या भागाने यंत्र चालू होईल. परंतु तुटलेली साक्ष परत सांधली जात नाही.

या खुणांत त्या काळाचे राजकारणही उतरलेले आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या शस्त्रनिर्मितीवर कडक बंधने घातली होती. पुढे १९३४च्या सुमारास गुप्तपणे शस्त्रसज्जता सुरू झाली, तेव्हा माउझर कारखान्याने पिस्तुलावर स्वतःचे नाव न घालता ‘एस/४२’ एवढीच सांकेतिक खूण घातली. वर्षाचा आकडाही प्रथम लपविला आणि १९३४ साठी ‘के’, १९३५ साठी ‘जी’ अशी अक्षरे वापरली. तह मोडल्याची अशी मूक कबुली पोलादावर कोरलेली आहे. चकचकीत करण्याच्या हौसेने कोणी त्या जागी पॉलिश कागद फिरविला, तर तो केवळ धातू घासत नसतो. तो दप्तरातील एक कागद फाडीत असतो.

येथेच ग्राहकाच्या सावधगिरीचा आरंभ होतो. पोलादावरची निळसर काळी झिलई ही रंगाची पुटे नव्हेत. ती धातूच्याच पृष्ठभागावर घडवून आणलेली क्रिया असते. जुन्या पद्धतीत पोलादावर मुद्दाम हलका गंज चढू देत, भाग उकळत्या पाण्यात बुडवीत, वरची भुकटी घासून काढीत आणि हे चक्र पुनःपुन्हा करीत. चाप, कळ यांसारखे लहान भाग विशिष्ट उष्णतेवर तापवून गवतासारखे पिवळसर ठेवीत. माउझरने १९३७ साली ही संथ रीत सोडून तप्त क्षारांच्या द्रावणाची त्वरित पद्धत स्वीकारली, तेव्हापासून हे लहान भागही निळसर काळे होऊ लागले. तेव्हा १९४० सालच्या माउझर लूगरचे लहान भाग पिवळसर दिसले, तर नंतर कोणी तरी हात फिरविला आहे असे खुशाल समजावे. अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या असणे, स्क्रूच्या भोकांभोवती खोलगटपणा येणे, गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यांवरही एकसारखी झिलई दिसणे, ही नव्याने झिलई दिल्याची लक्षणे होत. दुर्मिळ तुकडीचे वा बदनाम संघटनेचे खोटे ठसे मारून किंमत वाढविणारेही असतात. म्हणून विक्रेत्याने सांगितलेल्या कहाणीपेक्षा धातूवर दिसते त्यावर विश्वास ठेवणे अधिक श्रेयस्कर.

मात्र प्रत्येक फेरफार म्हणजे विटंबना, असाही नियम करता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याने हस्तगत केलेली पुष्कळ जर्मन पिस्तुले नंतर शस्त्रागारांत सुटी करण्यात आली. त्यांचे भाग एकमेकांत मिसळले, त्यांना पुन्हा झिलई देण्यात आली आणि नवे क्रमांक कोरून ती कोठारात ठेवण्यात आली. अनेकांवर फुलीची खूण आढळते. या पिस्तुलांचे अंक जुळत नाहीत. परंतु ते न जुळणे हाच त्यांचा इतिहास होय. एखाद्या देवळाच्या जुन्या भिंतीवर नंतरच्या शतकातील दुरुस्तीचा शिलालेख असावा, तसाच हा प्रकार. ज्या दुरुस्तीने आपली ओळख मागे ठेवली ती इतिहासात जमा होते. जी आपली खूण लपविते ती फसवणुकीत जमा होते.

‘पी-३८’ आणि ‘पी-१’ यांची गणना या दोहोंच्या मधली. युद्धकालीन पी-३८ वर ‘एसी’ ही वॉल्थरची, ‘बीवायएफ’ ही माउझरची आणि ‘सीवायक्यू’ ही श्प्रेवेर्कची खूण असते. १९४४ व १९४५ सालच्या पिस्तुलांवर कानशीचे व यंत्राचे ओरखडे तसेच राहिलेले दिसतात. कोसळत चाललेल्या राज्यात कारागिराला सफाईसाठी उसंत नव्हती, याचे ते चिन्ह. ते ओरखडे घासून काढणे म्हणजे कारखान्याने केले नाही ते आपण करणे. परंतु येथे सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. या पिस्तुलाची सुरक्षा-कळ खाली केली, की ताणलेला घोडा आपोआप पडतो आणि गोळी सुटू नये अशी योजना आहे. भाग झिजले असल्यास ती योजना दगा देऊ शकते. म्हणून भरलेल्या जुन्या पी-३८ वर या कळेचा प्रयोग करू नये, असे जाणकार बजावून सांगतात. पी-१ च्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर ताण पडतो असे दिसून आल्यावर पुढे त्यात षट्‌कोनी पोलादी खीळ बसविण्यात आली. विकत घेणाऱ्याने ती आहे की नाही हे पाहावे आणि सांगाड्याला तडा नाही याची खात्री करून घ्यावी. पोलाद झिजले तर निदान भाग बदलता येतो. सांगाडाच तडकला, तर पिस्तूलच संपले.

‘पी-६’ मात्र स्वच्छ पातेल्याच्या वर्गातले. त्याच्या अंगावर निर्मितीचा महिना व वर्ष असते. नॉर्थ राइन-वेस्टफालिया या राज्याच्या पोलिसांकडील पिस्तुलांवर ‘एन्‌आर्‌डब्ल्यू’ ही अक्षरे दिसतात. घोड्याच्या टोकाला एक खाच ठेवलेली असते. पिस्तूल त्या टोकावर आपटले, तर टोक वाकावे आणि शस्त्रागारातील कारागिराला ते तत्काळ उमगावे, असा तिचा हेतू. पोलिसाचे पिस्तूल वर्षानुवर्षे कमरेला असते आणि फारच थोड्या वेळा झाडले जाते. त्यामुळे चामड्याच्या म्यानाने घासून त्याच्या कडा पांढऱ्या पडलेल्या असतात, पण नळीतील सर्पिल खाचा मात्र ताज्या असतात. बाहेरचे रूप पाहून नाक मुरडणारा ग्राहक येथे फसतो, आणि आत डोकावून पाहणारा उत्तम यंत्र स्वल्प किमतीत घेऊन जातो.

अशा पिस्तुलाला कल्हईची गरज असते, ती योग्य जागी. वर्षे उलटली की स्प्रिंगा थकतात. स्लाइडला परत आणणारी स्प्रिंग मऊ झाली, तर प्रत्येक धक्का सांगाड्यावर बसतो. ती बदलणे ही या जीर्णोद्धाराची पहिली पायरी. मॅगझिनची स्प्रिंग ही दुसरी आणि तडकलेल्या मुठीच्या पट्ट्या ही तिसरी. पी-६ चा पहिला चाप बराच जड ओढावा लागतो, म्हणून घोड्याची स्प्रिंग हलकी बसविण्याचा मोह अनेकांना होतो. पण ती अती हलकी झाली, तर काडतुसावर पुरेसा आघात होत नाही आणि ऐन वेळी पिस्तूल मूक राहते. हे पिस्तूल मुळात गोल टोकाच्या गोळीसाठी घडविलेले होते. इतर घडणीची काडतुसे त्यातील काही पिस्तुले नीट स्वीकारीत नाहीत. यावर कानस चालवून उपाय शोधण्यापेक्षा, ते ज्यासाठी घडले तेच काडतूस त्याला देणे शहाणपणाचे. ही कामे जाणत्या व परवानाधारक कारागिराची आहेत. शिवाय काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवावा. उद्या दुसऱ्या मालकाला सर्व काही पूर्ववत करता आले पाहिजे.

कायद्यानेही हा विवेक आपल्या परीने मान्य केला आहे. जर्मनीत संग्राहकाला तांबड्या रंगाचा स्वतंत्र परवाना मिळतो. त्यासाठी आपला संग्रह सांस्कृतिक-ऐतिहासिक महत्त्वाचा आहे, हे त्याने दाखवावे लागते. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याखाली पन्नास वर्षांपूर्वीची शस्त्रे जुन्या व दुर्मिळ वस्तूंच्या वर्गात येतात. मात्र त्यांची रचना मूळची राहिलेली असली पाहिजे. भारतात १९५९चा शस्त्र अधिनियम १९६२ पासून अमलात आला. त्याप्रमाणे शस्त्र बाळगण्यास परवाना लागतो आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरालाही स्वतंत्र परवाना लागतो. नऊ मिलिमीटरचे स्वयंभरण पिस्तूल येथे प्रतिबंधित वर्गात मोडते. त्यामुळे वर वर्णिलेली बहुतेक पिस्तुले सामान्य नागरिकाला बाळगता येत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. पुरातन शस्त्राला सूट आहे. परंतु दुरुस्ती करूनही जे झाडता येणार नाही अशालाच. आजोबांच्या पेटीत सापडलेले पिस्तूल केवळ जुने आहे म्हणून ते कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही. वारसाने ते घासूनपुसून ठेवण्याआधी पोलीस ठाण्याला कळविणे हेच योग्य.

शेवटी एक प्रश्न उरतो. १९३३ ते १९४५ या काळातील अनेक पिस्तुलांवर गरुडाचे व स्वस्तिकाचे ठसे आहेत. ते पाहून कोणाला शिसारी येते आणि तो ते खरवडून टाकू पाहतो. दुसरा कोणी ते अधिक ठळक करून मिरवू पाहतो. दोघेही वस्तूला खोटे बोलावयास लावतात. त्या राजवटीने काय केले याचे पुरावे जगाजवळ पुष्कळ आहेत, आणि त्या पुराव्यांत ही पोलादाची क्षुद्र नोंदही आहे. ती घासून पुसली म्हणून इतिहास निर्मळ होत नाही, आणि सजविली म्हणून त्याला प्रतिष्ठा येत नाही. असे पिस्तूल हाती आलेल्या माणसाने गंजापुरते हलके तेल लावावे, त्याची आहे तशी नोंद करावी आणि हात आवरावा. पुढे ते ज्याच्या हाती जाईल, त्यालाही त्यावरचा मजकूर मूळ अक्षरांत वाचता आला पाहिजे.